नरम आवाजाचा व्हॉल्व्ह

सोमेश्वरअप्पांनी बल्बसारखा दिसणारा दुसरा व्हॉल्व्ह फडक्यात धरून हलकेच काढला आणि टेबलावर ठेवला. काच अजून तापलेली होती.

"हा बी न्हाई," ते म्हणाले. "हिला टोचंलच."

दत्तरावांनी नुसती मान हलवली. पाथरीचं टुरिंग टॉकीज बंद पडलं तेव्हा तिथं ऑपरेटर असलेल्या दत्तरावांनी अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून घरी जपून ठेवले होते. ते बिस्किटाच्या डब्यात घालून आज ते एसटीनं सेलूला आले होते. अप्पांच्या रेकॉर्ड प्लेयरचा आवाज वाढवणाऱ्या प्री-अँपला नरम आवाजाचा व्हॉल्व्ह हवा होता.

हवा होता तो बायकोसाठी, त्रिवेणीबाईंसाठी. उभी हयात कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या घरघरीत काढल्यावर अप्पांनी हौसेनं हा संच जुळवला होता. बाईंना तेव्हा कमीच ऐकू यायचं, तरी त्या संध्याकाळी शेजारी येऊन बसायच्या, फिरती रेकॉर्ड बघत राहायच्या. दिवाळीनंतर त्यांनी कानाला यंत्र लावलं आणि तेव्हापासून सारंगी सुरू झाली की त्या काहीतरी काम काढून उठू लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "टोचतं वो कानाला." ऐकू येत नव्हतं तेव्हा बसायची, आता ऐकू येतं तर उठते, हे अप्पांच्या मनाला लागून राहिलं होतं.

तिसरा व्हॉल्व्ह बसवला. आतली तार लालसर झाल्यावर अप्पांनी रेकॉर्डवर सुई टेकवली आणि सवयीनं ट्रेबलचं, बारीक आवाज वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. त्याशिवाय त्यांना सारंगी सारंगीसारखी वाटतच नसे.

दाराशी तूर निवडत बसलेल्या त्रिवेणीबाईंचा हात थांबला.

"शिट्टी वाजायलीय," त्या म्हणाल्या.

"यंत्र असंल तुझं. वाजतं ते कधीमधी."

बाईंनी कानातलं यंत्र बोटानं दाबून पाहिलं. "न्हाई. स्पीकरातून यायलीय."

अप्पा स्पीकरपाशी वाकले. सारंगी होती, दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी दत्तरावांकडे पाहिलं.

"हाय की वैनी, बारीक हाय," दत्तराव म्हणाले. "व्हॉल्व्ह आतून सैल झाला की करतो असं." त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं काचेवर टिचकी मारली. "बगा, वाढली."

दोघंही अप्पांकडे बघू लागले.

"हां," अप्पा म्हणाले. "आली आता."

दत्तरावांनी पेन्सिल खाली ठेवली. "आता तर बंद झाली, अप्पा," ते हळूच म्हणाले आणि डब्यातला कापूस सारखा करत बसले.

अप्पांनी सुई उचलली. त्यांचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यातूनच परत आला. सूप बाजूला सारून त्रिवेणीबाई उठल्या आणि टेबलाजवळ आल्या.

"ह्ये बटण कशाचं?"

"ट्रेबलचं."

"लय वर हाय का?"

"मला बरुबर वाटतं," अप्पा म्हणाले, मग जरा थांबून, "वाटत हुतं."

दत्तरावांनी विचारलं, "कोणता बसवू?"

"आधी हुता त्योच बसवा," अप्पा म्हणाले. "अन् बटण तिला फिरवू द्या."

घरचा जुना व्हॉल्व्ह परत जागेवर गेला. सारंगी सुरू झाली तसं बाईंनी बटण हळूहळू मागे आणलं आणि मध्यावर सोडलं. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. अप्पांना मात्र वाटलं, गाण्यावर कुणीतरी गोधडी टाकली.

"बरं वाटायलंय?" त्यांनी विचारलं.

"लय नरम."

चहालाही न थांबता दत्तराव डबा घेऊन निघून गेले. बाई खुर्ची ओढून अप्पांच्या शेजारी बसल्या. तूर दाराशी तशीच राहिली. सारंगी चढत गेली आणि एका जागी अप्पांच्या कानांतून निसटली. ते तबकडीकडे बघत राहिले.

त्रिवेणीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. चढत्या सुराबरोबर त्यांचं बोट सावकाश वर सरकू लागलं.

"अन् आता?" अप्पांनी विचारलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "चढायलीय अजून."