निकासिओचं झाड

स्पेनमधल्या हाएनच्या टेकड्यांवर आज जिकडेतिकडे एउलालियाने काढलेली ऑलिव्हची जात दिसते. बुटकी झाडं, यंत्राने तोडणी, तेलाचा उतारा भरपूर. लोक कौतुक करतात, ती मान हलवते आणि विषय बदलते.

ती आणि निकासिओ एकाच संशोधन केंद्रात होते. तो वयाने मोठा, पण प्रमुख ती झाली. मे महिन्यात दोघं पिकुआल जातीच्या ऑलिव्हच्या फुलोऱ्याला पिशव्या बांधायचे, आत अर्बेकिना जातीचे पराग सोडायचे. मग बिया रुजवायच्या आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्या रोपांतलं एक झाड निकासिओच्या मनात भरलं. फळ जेमतेम धरायचं, एका वर्षाआड रुसायचं. पण तेलाला टोमॅटोची पानं चुरगळल्यासारखा वास, आणि गिळताना घशात बारीक झणझण. पावावर ते तेल घातलं की निकासिओ खाऊन होईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही.

एउलालियाने ते झाड काढायला सांगितलं. उत्पन्न नाही तर जागा अडवायची कशाला, असं तिचं म्हणणं. त्याने आणखी दोन हंगाम मागितले, ती नाही म्हणाली. काढलेल्या झाडाची कलमापुरती काडीही बाहेर न्यायची नाही, असा केंद्राचा नियम होता. निकासिओने स्वतःच्या हाताने ते जाळलं.

तरी कुणीतरी कुजबुजलं, की त्याने कलम घरी नेलंय. एउलालिया माणसं घेऊन त्याच्या मळ्यात गेली आणि त्याची बायको मार्सेला दारात उभी असताना झाडन्‌झाड तपासलं. काहीच सापडलं नाही. त्या हिवाळ्यात निकासिओने नोकरी सोडली.

पुढे तिच्या जातीचं तेल इतकं झालं, की गिऱ्हाइकं म्हणू लागली, सगळ्या बाटल्यांची चव एकच. स्वाद असलेलं काहीतरी द्या. तेव्हा ती निकासिओकडे गेली. तो अंगणात मसूर निवडत बसला होता. त्याने तिला खुर्ची दिली.

"खरं सांगा," ती म्हणाली, "एखादी काडी तरी ठेवली होतीत ना?"

"तू शोधून गेलीस की."

"मला सापडू नये अशी ठेवली असेल, म्हणून विचारतेय."

"नाही ग. नियम होता, मी पाळला."

ती म्हणाली, "चोरी केली असतीत तर बरं झालं असतं."

"मलाही वाटतं तसं. इमानदारीचं तेल निघत नाही."

तिने त्या दिवसाची माफी मागितली. तो मसुरातला खडा बाजूला टाकत म्हणाला, "माझं राहू दे. मार्सेलाची मागायला हवी होतीस. शेवटपर्यंत तिच्या मनातून ते गेलं नाही."

मार्सेलाला जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता.

पुढच्या मे महिन्यात एउलालियाने त्याच दोन झाडांचा संकर पुन्हा केला. एका आईबापाची लेकरंही सारखी निघत नाहीत, हे दोघांना ठाऊक होतं. तरी निकासिओ आला. वयामुळे त्याच्या बोटांना गाठ जमेना, म्हणून पिशव्या तिने बांधल्या आणि दोरा त्याने धरला.

त्या रोपांना फळ धरलं तेव्हा तेल चांगलं निघालं. एउलालियाने एकेकाचं चाखून पाहिलं. त्यातलं एकही ते नव्हतं. आणि बरोबर चाखायला निकासिओ उरला नव्हता.