जोडीला

गळ्यावर वस्तरा असताना माणूस नाही म्हणू शकत नाही, हे सलूनवाल्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं रेडिओ बंद केला, खुर्चीला वळसा घालून तो उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, मी आणखी एक वकील केलाय."

साबणाच्या फेसातून वकिलांचे फक्त डोळे बाहेर होते. ते मोठे झाले.

"तुम्ही आहातच हो. तुमच्या जोडीला."

"मी काय म्हातारा बैल आहे, जोडीला दुसरा लावायला?"

"हलू नका, कापेल."

जागेच्या मालकाला हे दुकान रिकामं करून हवं होतं. मध्ये काही महिने ते बंद होतं, म्हणजे सलूनवाल्याला त्याची गरजच नाही, असा मालकाचा दावा. वकील पहिल्या तारखेपासून एकट्यानं लढत होते. फीचा विषय कधी निघाला नव्हता. दर शनिवारची दाढी तेवढी चालू होती. आणि आता शेवटच्या सुनावणीच्या तोंडावर हे!

घरी सांगितलं तर बायकोला हसू आवरेना. "म्हणजे सवत आणली म्हणा की तुमच्यावर!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शेजाऱ्यांनाही कळलं असावं. अलीकडे तिचा आवाज फारच चढलेला असायचा. उतारवयात बायका खेकसायला लागतात, अशी वकिलांनी आपली समजूत करून घेतली होती.

नवा वकील उभा राहायचा तर जुन्याची ना हरकत सही लागते. त्यासाठी नवी वकीलबाई स्वतः आली. तरुण, चटपटीत, हातात हेल्मेट. वकिलांनी तिला मुद्दाम ताटकळत ठेवलं, चष्मा दोनदा पुसला.

"अशिलाचा माझ्यावरचा विश्वास उडाला का?"

"नाही सर. बोलायचं तुम्हीच. मी नुसतं शेजारी उभं राहायचं, असं सांगितलंय त्यांनी."

"शोभेला?"

ती काहीतरी बोलणार होती. मग नुसतं "हो सर" म्हणाली. वकिलांनी सही अशी केली की कागदाला भोक पडलं.

दोन घरचा पाहुणा उपाशी, हे त्या मूर्खाला कोण सांगणार? असं मनाशी म्हणतच ते संध्याकाळी सलूनसमोरून गेले. आत त्यांच्या खुर्चीत, अगदी त्यांच्याच खुर्चीत, ती बाई बसली होती. मांडीवर खटल्याचे कागद, त्याखाली पांढरा स्वच्छ टॉवेल. तो टॉवेल फक्त आपल्यासाठी काढला जातो, असं वकील आजवर धरून चालले होते. सलूनवाला हातवारे करून काही सांगत होता आणि दोघं हसत होती. त्या रात्री वकिलांना जेवण गेलं नाही.

शनिवारी ते कोपऱ्यावरच्या दुसऱ्या सलूनमध्ये गेले. तिथल्या पोरानं फोनवर बोलत बोलत एक कल्ला वर कापला, एक खाली. वकील तसेच निघाले आणि मुद्दाम जुन्या सलूनच्या दारावरून रमतगमत घरी गेले. सलूनवाल्यानं पाहिलं. त्याच्या हातातला कंगवा थांबला. वकिलांना फार बरं वाटलं.

सुनावणीच्या दिवशी वकीलबाई त्यांच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. ती जागा त्यांच्या बॅगेची. त्यांनी बॅग धुसफुसत डावीकडे घेतली आणि बोलायला सुरुवात केली. बोलणं ऐन रंगात आलं होतं, तेवढ्यात त्यांच्या उजव्या कानाशी हलकेच शब्द आले.

"सर, साहेब विचारताहेत, दुकान बंद होतं तेव्हा अशील कुठे होता?"

वकिलांनी वर पाहिलं. न्यायाधीशांचे ओठ नुकते मिटत होते. साहेब बोलले होते? कधी?

त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. सलूनवाला मान खाली घालून स्वतःची नखं बघत होता.

क्षणभर वकिलांना त्या पोरीचा, त्या माणसाचा, सगळ्यांचाच संताप आला. मग ते पुढे वळले. "इस्पितळात, साहेब. आईच्या उशाशी. तिथले कागद जोडलेत." आणखी दोन प्रश्न आले. दोन्ही त्या उजव्या कानातूनच आले. महिन्याभरानं निकाल लागला. दुकान राहिलं.

तोवरचे शनिवार कोपऱ्यावरच्या पोराकडेच काढून, निकालानंतरच्या शनिवारी वकील जुन्या खुर्चीत येऊन बसले. सलूनवाल्यानं कल्ले निरखले.

"कुणाचं काम हे?"

"आहे एक. तुझ्या जोडीला."

"गाढवानं चरल्यासारखं केलंय," सलूनवाला म्हणाला. राग त्याच्या कात्रीत उतरला होता. थोड्या वेळानं त्यानं रेडिओ बंद केला आणि तो उजव्या बाजूला आला. तिकडचा कल्ला सारखा करू लागला.

वकिलांनीच विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"बरेच दिवस झाले. मागच्या तारखेला साहेबांनी दोनदा विचारलं, तुम्ही आपले बोलतच होतात."

"मग मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खटला सोडला असता. मला वकील बदलायचा नव्हता, साहेब."

सलूनवाल्यानं त्यांची मान हलकेच वळवली, पांढरा टॉवेल खांद्यावर नीट केला आणि तो दुसऱ्या बाजूला गेला. डाव्या कानाशी कात्री चालू होती. वकिलांना ती फक्त आरशात दिसत होती.