कडेला घण टेकलेली टाकी

मी एक जुनी दगडी टाकी आहे, मित्रांनो. सिमेंटची नव्हे, दगडी. एवढा फरक लक्षात ठेवा. या रोपवाटिकेतले प्रत्येक रोप माझे पाणी पिऊन वाढले. आज मात्र माझ्या कडेला घण टेकवून ठेवला आहे आणि भीतीने मी गारठले आहे.

मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी मला बांधून घेतले. पाथरवटाने एकेक दगड ठोकून पारखला. पुढे माझ्या भिंतींना शेवाळ धरले. शेवाळात गोगलगायी आल्या, तळाशी चतुरांची पिल्ले, वर बोटाच्या पेराएवढे मासे. डास अंडी घालून जात. अळ्या वळवळल्या की मासे त्यांचा फडशा पाडत. आमंत्रण कोणालाच नव्हते, पण संसार बिनबोभाट चालला होता. झारी बुडवताना लोक म्हणत, "काय गार पाणी आहे!" मी फुगून जाई.

मग एक मोठे गिऱ्हाईक येणार होते. मालकीणबाईंनी पदर खोचला.

"शी! टाकी आहे की उकिरडा? घासून काढा. दगड दिसला पाहिजे."

मला उपसले, तारेच्या ब्रशाने खरवडले. मासे मातीवर तडफडले. मालकीणबाईंच्या सुनेला सातवा महिना होता. तिला ते बघवेना. तिने ओंजळभर मासे गाळासकट एका चेपलेल्या घमेल्यात घेतले आणि शेडमागे सरकवले.

"माहेराहून आलेत का गं ते, एवढं जपायला?" मालकीणबाई म्हणाल्या.

"आई, जीव आहे त्यांना."

"तुझ्या पोटात आहे तो जीव सांभाळ. वाकू नकोस."

गिऱ्हाईक खूश झाले. मी मात्र आतून ओस पडले. नितळ, निवांत पाणी आणि खाणारे कोणी नाही. डासांना आणखी काय हवे? माझ्यात अळ्याच अळ्या झाल्या. ओरडावेसे वाटे, पण दगडाला तोंड कुठले? सकाळ-संध्याकाळ माझ्यातून डास उठत आणि सुनेच्या खिडकीकडे जात. ते माझ्याच पोटातून निघत होते, मित्रांनो, आणि मला थांबवता येत नव्हते.

सून तापाने फणफणली. तिला दवाखान्यात ठेवले. डॉक्टरांनी विचारले, "घराजवळ पाणी साठवता का?"

मालकीणबाई परतल्या त्या घण घेऊनच.

"माझ्या घराच्या मुळावर उठलीस काय? फोडतेच तुला!"

पण साठलेले सगळेच पाणी आधी उलथावे म्हणून घण टेकवून त्या शेडमागे गेल्या. घमेल्यातले पाणी हिरवेगार, गढूळ. उलथता उलथता हात थबकला. त्यात मासे होते. अळी एकही नव्हती.

मग त्यांनी फडक्याने माझ्यातल्या अळ्या गाळल्या, घमेले कमरेवर आणले आणि माझ्यात रिकामे केले.

"खा, मेल्यांनो. पोटभर खा," म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसले.

मित्रांनो, कोणाचे घर घासायला घ्याल, तेव्हा आत कोण राहते ते आधी बघा. घाण म्हणून जे खरवडता, त्यावरच कोणाचे तरी पोट असते, आणि त्या पोटावर तुमचा जीव.

मासे थोडे आहेत. घण अजून इथेच आहे. उद्या सुनेला घरी आणणार म्हणून खोली धुऊन खिडकी उघडी टाकली आहे. आत्ताच माझ्या पाण्यावरून एक डास उठला आणि तिकडेच वळला.