पाण्याची पाळी

मी एक जुने जीपीएस यंत्र आहे. चैत्रातल्या त्या सकाळी नद्या मोजणाऱ्या प्रमिला तामाङने माझ्या बॅटऱ्या शालीच्या उबेतून काढून माझ्यात बसवल्या, भाजलेला मका खिशात टाकला आणि मला गळ्यात अडकवून ती ओढ्याकडे निघाली.

मित्रांनो, ठिकाण आणि उंची सांगणे हे माझे काम. कारखान्यातून निघाल्यापासून मी नेपाळच्या कितीतरी खोऱ्यांत हिंडले. माझ्या खुणांवरून काठमांडूच्या कार्यालयात नद्यांचे नकाशे होत आणि कुठल्या धारेवर किती वीज निघेल, याचा अंदाज बांधला जाई. श्रावणात नोंदवलेल्या या ओढ्याच्या खुणेचे फार कौतुक झाले होते. आता फक्त खात्री करायची होती.

खुणेपाशी दिलमाया आमांची पाणचक्की होती. ती थांबलेली होती. ओढ्यात जेमतेम घोटा बुडेल इतके पाणी होते.

"आमा, पाणी गेलं कुठं?"

"शेतांत. दिवसा शेतांचा पालो, रात्री चक्कीचा. सासऱ्यांच्या वेळेपासून पाळी ठरलीय. म्हणून तर मी दिवसा जांभया देते! तुझ्या डबीला दिसत नाही वाटतं?"

"तिला उंची दिसते, आमा."

"उंची दळून खायची का?" आमा हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिवे आम्हालाही हवेत गं, छोरी. पण रात्रीचं पाणी विजेसाठी नळात घातलंस, तर दळायला मी डोंगर उतरू?"

माझ्यात पाळी नोंदवायला जागाच नव्हती. हल्ली उडती यंत्रे वरूनच नकाशे काढतात आणि मी कपाटात धूळ खात असते. पण मला खातो तो निराळाच विचार: याआधीच्या किती खोऱ्यांतल्या पाळ्या माझ्या खुणांखाली बुजल्या असतील? मित्रांनो, पुढे तुम्ही नकाशे कराल, तेव्हा आधी काठावरच्या माणसांशी बोला.

प्रमिला दगडावर बसून हिशेब मांडू लागली. चक्कीपाशीच्या वरच्या खुणेवरून साऱ्या गावाला पुरेल इतकी वीज निघाली असती. चक्कीतून सुटलेले पाणी खाली पुन्हा ओढ्याला मिळते, तिथे उतार कमी. तिथे वीज काढली तर पाळी मोडली नसती, पण घरटी एखादाच दिवा लागला असता, आणि कार्यालयात कौतुक तर मुळीच झाले नसते.

ती खाली उतरली. तिथली खूण तिने माझ्यात नोंदवली आणि वरची पुसून टाकली.