पाच वेळांची गोळी

तिनं औषधांची दोन पाकिटं बाबांच्या टेबलावर, चिमटे आणि भिंगाच्या मधोमध ठेवली. घड्याळं दुरुस्त करणं बाबांनी केव्हाच सोडलं होतं, पण टेबल अजून तसंच मांडलेलं असे.

तासाभरापूर्वी डॉक्टरांनी बरगडीखालचा लाल पट्टा आणि त्यावरचे फोड पाहून नागीण असल्याचं सांगितलं होतं. किडनीचा रिपोर्ट चांगला आहे, दोन्हींपैकी कुठलंही औषध चालेल, लेकीचंच औषधाचं दुकान आहे, तीच ठरवेल, असंही म्हणाले होते. फक्त आजच सुरू करा. बाबांनी दोन दिवस दुखणं अंगावर काढलं होतं. आणखी उशीर झाला तर फोड सुकल्यावरही ठणका महिनोन्महिने मागे लागतो, हे तिनं गिऱ्हाइकांत पुष्कळदा पाहिलं होतं. बाबांच्या बाबतीत तिला ते पाहायचं नव्हतं.

"नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस आटोपला म्हणतात," बाबा म्हणाले.

"ती एकाच बाजूला येते, बाबा. कण्यापाशी थांबते. आता ऐका. ही असायक्लोव्हिर, दिवसातून पाच वेळा. ही व्हॅलासायक्लोव्हिर, तीन वेळा."

"मशीन कुणाचं चांगलं?"

"मशीन एकच. पोटात गेली की ही तीनवाली पाचवालीच होते. फक्त अंगात जास्त मुरते, म्हणून कमी वेळा पुरते. दुखणंही जरा लवकर ओसरतं."

"मग पाचवाली दे."

तिला हसू आलं. जेवायचं विसरणारा माणूस म्हणे पाच वेळा गोळी घेणार.

"आठवण कोण करणार?"

"तू करशील. दुकान चार गल्ल्यांवर तर आहे."

बाबा भिंग पुसत बसले. पुसलेलंच पुन्हा पुसत होते. त्या चार गल्ल्या ओलांडून ती फक्त रविवारी येत असे, तेही घाईत. तिला एकदम आठवलं, सेलच्या घड्याळांना नाकं मुरडत बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "किल्लीचं घ्या. किल्ली द्यायच्या निमित्तानं माणूस रोज त्याच्याकडे बघतो तरी."

पण औषधाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकणारी नव्हती. तिनं व्हॅलासायक्लोव्हिरची गोळी काढली, पाण्याचा पेला हातात दिला आणि बाबांनी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग कागदावर वेळा लिहून तो टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला.

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं.

"सात, अकरा, तीन, सात, अकरा. वेळा पाच झाल्या. गोळ्या तर तीनच लिहिल्यास."

"हो."

"मग सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला काय?"

"तेव्हा नुसतीच मी."

बाबांनी तिचं मनगट धरून त्यावरचं घड्याळ भिंगाखाली घेतलं.

"चार मिनिटं मागे आहे," ते म्हणाले आणि चिमटा उचलला. "काढ इकडे. उशीर व्हायला नको."