गच्चीवरच्या सळया

हुल्की गवंड्याने सळईवर हातोडीचा ठोका दिला, तसा गंजाचा पापुद्रा पेंबेच्या पायाशी पडला.

"आजी, यांच्यावर स्लॅब टिकायचा नाही. कापतो आणि नव्या घालतो. तू नुसतं हो म्हण."

"ख्रिस्टालाला येऊ दे."

"त्या ग्रीक बाईला कशाला विचारायचं? पन्नास वर्षं तूच राहतेस ना इथं?"

पेंबे ओल्या चादरींची बादली घेऊन उभीच राहिली. त्या सळया हे घर बांधताना ख्रिस्टालाच्या बापाने गच्चीवर उभ्या सोडलेल्या. मुलगी उजवायची तर तिच्यासाठी वर मजला चढवायचा, ही सायप्रसची जुनी रीत. मजला चढायच्या आधी लढाई आली. ग्रीक दक्षिणेला पळाले, तुर्क उत्तरेला, आणि दक्षिणेतल्या पाफोसकडच्या खेड्यातून पेंबे कडेवर पोर घेऊन या घरात शिरली. तेव्हापासून सळयांना कपड्यांची दोरी. दर दोन-चार वर्षांनी समेटाची बोलणी निघत, नकाशा निघे, आणि नकाशात हे मोर्फू गाव हमखास ग्रीकांकडे जाई. मग परक्याच्या भिंतीला चुना तरी कोण लावणार? बोलणी मोडत, पण तोवर चुना वाळून दगड झालेला असे.

आता नात सेवगुलचं लग्न ठरलं होतं. तिने साफ सांगितलं होतं, मजला चढला तर इथं, नाही तर लंडन. पेंबेची दोन्ही मुलं तिकडेच गेली होती आणि येत ती फक्त मयतीला. ही एकच उरली होती.

जिन्यात धापा ऐकू आल्या. दोन भागांमधल्या हद्दीच्या नाक्यावर कागद दाखवून, ईस्टरचे चीज भरलेले पाव घेऊन ख्रिस्टाला वर आली.

"पेंबे, जिना वाढलाय की माझं वय?"

"जिना तुझ्या बापाचा. त्यालाच विचार."

दोघी ग्रीकमध्येच बोलत. पेंबेला ती लहानपणापासून येत होती. पण आज विषय कसा काढावा हे तिला सुचेना. ख्रिस्टालानेच पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"तुझ्या नातीचा फोन आला होता. लिहूनच आणलंय. वर मजला चढवायला मालकिणीची हरकत नाही. समेट झाला तरी वरचं पोरीचं, खालचं माझं. माझं लग्न तर झालंच नाही, निदान सळयांचं तरी होऊ दे!" ती हसली. "पुढाऱ्यांना पन्नास वर्षं जमलं नाही, आपलं दोन ओळींत झालं बघ."

हुल्कीने कटरची वायर सोडवायला घेतली. पेंबेने कागद हातात धरला.

"खालचं तुझं. मग मी कुठं?"

"तू तुझ्या गावी! दरवर्षी तूच म्हणतेस ना, घर उभं आहे, दार उघडलं की झालं?"

म्हणत होती खरी. वीसेक वर्षांपूर्वी हद्दीचा नाका उघडला त्याच वर्षी पेंबे एकटी बसने गावी जाऊन आली होती. छप्पर नव्हतं, दार नव्हतं, चुलीच्या जागी अंजीर उगवलं होतं. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, घर उभं आहे. मग ते मागे घेता आलं नाही.

"आजी, लावू का कटर?"

पेंबेने कागदाची घडी घालून तो ख्रिस्टालाच्या पर्समध्ये परत ठेवला.

"यंदाची बोलणी होऊ देत आधी."

जिन्याच्या तोंडाशी सेवगुल उभी होती. सगळं ऐकून ती वळून खाली उतरली, आणि थोड्या वेळाने अंगणातून तिचा फोनवरचा आवाज वर आला, "हो, लंडनची काढून टाक. दोनच तिकिटं."

हुल्की हत्यारं गोळा करून गेला. पेंबेने बादलीतली चादर काढली. दुसरं टोक ख्रिस्टालाने धरलं. दोघींनी ती पिळली आणि दोरीवर टाकली. चादरीपलीकडून ख्रिस्टालाने हळूच विचारलं,

"पेंबे, घर आहे ना गं तिथं?"

"चिमटे दे तिकडचे," पेंबे म्हणाली.