जावयानं काढलेलं चित्र

दुकानाच्या भिंतीवर, कॉफीच्या डब्यांच्या वर, एक नवं चित्र लावलेलं होतं. ग्लेनाबानं लोकरीचं गाठोडं खाली ठेवलं आणि ती बघतच राहिली. जलरंगातलं चित्र होतं. लाल माती वर चढून आभाळात मिसळली होती, मेंढ्या म्हणजे नुसते ओले ठिपके. पण मांडव तिचा होता. मांडवाखालचा उभा माग तिचा होता. आणि मागाच्या धाग्यांआडून, खालचा ओठ दातांत धरून, एक म्हातारी समोर बघत होती.

"अगंबाई, अक्का! ही तर तूच!" धाकटी बहीण हासबा म्हणाली. "कुणी काढलंय?"

"यांच्याच जावयानं," दुकानदार कौतुकानं म्हणाला. "चेस्टरनं."

दुकानातल्या सगळ्यांनी ग्लेनाबाकडे बघितलं. जावयानं सासूचं तोंड बघायचं नाही, सासूनं जावयाचं नाही. बघितलं तर दोघांचेही डोळे जातात, हे नवाहो जमातीच्या घरात रांगतं पोरही जाणतं. म्हणून तर ग्लेनाबा कमरेला छोटी घंटा बांधून वावरायची. घंटा ऐकली की चेस्टर जुनिपरच्या झाडामागे व्हायचा. लेकीच्या, इर्माच्या लग्नापासून हे असंच चाललं होतं.

"झाडामागे जायचा, की झाडामागून बघायचा?" घोडागाडीत बसताना हासबानं विचारलं.

"गप गं."

"मी बसते गप. पण हल्ली तुझे डोळे का पाझरतायत, ते विचार स्वतःला. आणि ओठ चावायची तुझी खोड त्याला कळली कुठून?"

ग्लेनाबाच्या मनात तेच होतं. हिवाळ्यापासून तिला जवळचं धड दिसत नव्हतं. मागाशी बसलं की सगळं धुकं. बोटांच्या सवयीवर ती विणत होती आणि कुणाला काही बोलली नव्हती.

वाटभर तिला एकेक आठवत गेलं. परवा कॉफी ओतताना दाराशी सावली हलली होती. मेंढ्या पाण्यावर नेताना पाठीवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटलं होतं. एकदा कुंपणापलीकडून कुणीतरी शीळ घालत गेलं. ज्याच्या मनात काही नाही तो उगीच शीळ कशाला घालेल? आणि चित्रातला तो गालिचा! नक्षीच्या पायऱ्या अशा वाकड्या, की दारू पिऊन चढल्यासारख्या. म्हणजे डोळे तर घेतलेच, वर टिंगलही केली.

घरी पोचताच ती म्हणाली, "इर्मा, त्याचं खोगीर दाराबाहेर ठेव."

खोगीर बाहेर म्हणजे संसार संपला. इर्माच्या हातातला कणकेचा गोळा हातातच राहिला. काय झालं ते तिनं ऐकून घेतलं. "आधी त्याला विचार तरी, आई."

मग घरात मधोमध घोंगडी टांगली. अलीकडे ग्लेनाबा, पलीकडे चेस्टर, आणि दोघांना दिसेल अशी दारात इर्मा.

"त्याला विचार, माझं तोंड कुठून बघितलं?"

"ऐकतोय तो, आई."

"तू विचार!"

"बरं, विचारलं. तो म्हणतो..."

"अजून काही म्हणाला नाही तो!"

घोंगडीपलीकडून हळू आवाज आला, "त्यांना सांग, तूच बसली होतीस."

इर्मा खाली बघू लागली. "तू मेंढ्या घेऊन गेलीस की मी तुझ्या मागाशी बसायचे. तुझा मखमली झगा घालून. सुरकुत्या त्यानं मनानं घातल्या."

"आणि ओठ?"

"मीही तसाच धरते, आई. कधीपासून."

"इकडे ये. करून दाखव."

इर्मा जवळ येऊन बसली. ग्लेनाबानं तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. समोर काहीतरी सावळं, पुसट होतं. ओठ कुठे होता ते दिसेना.

"हं," तिनं बघितल्यासारखं केलं. "ते राहू दे. मग माझी नक्षी वाकडी का काढली, ते विचार. सगळं दुकान बघतंय."

इर्मा दारातून मांडवाखालच्या मागाकडे बघू लागली.

"आता का तोंडं शिवली?"

"आई," इर्मा म्हणाली.

ग्लेनाबा उठली. बाहेर येऊन मांडव ओलांडून उतारापर्यंत गेली. दूरचं तिला अजून स्वच्छ दिसायचं, समोरच्या कड्यावरचा कावळासुद्धा. अर्धं विणकाम सोडून मागे सरून बघायची तिला आजवर कधी गरज वाटली नव्हती. तिनं वळून मागाकडे बघितलं. काळ्या पायऱ्या एकीकडे झुकल्या होत्या. मध्येच काळ्याच्या जागी तपकिरी लोकर शिरली होती. जावयानं उलट चित्रात सांभाळून, कमी वाकडंच काढलं होतं.

मग ती आत येऊन घोंगडीकडे पाठ करून बसली.

"उद्या मी मेंढ्यांमागे गेले की वाकडं झालेलं उसव. तू उसव. लोकर त्याला निवडू दे, त्याला रंग कळतात. काळी माझ्या डाव्या हाताशी, तपकिरी उजव्या."

"बरं."

"आणि मी यायच्या आत तिथून हलायचं म्हणावं."

"ऐकलं म्हणून सांग," पलीकडून चेस्टर म्हणाला.

"आणि हासबाच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. हे तुला सांगतेय, इर्मा, त्याला नाही." तिनं कमरेची घंटा सारखी केली. "पण त्यालाही सांग."